लोणारचं विवर, निम्म्या मापात: प्रकल्प नोंदी

२ डिसेंबर २०२५

काम ठरलं. लोणारचं विवर ओपनसिममध्ये, म्हणजे आपल्याच सर्व्हरवर त्रिमितीय आभासी जग चालवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, उभं करायचं. काठावरून पाण्यापर्यंत चालत उतरता आलं पाहिजे, आणि तळ्याच्या वर आघाताचा एक क्षण दगडांमध्ये थिजवून टांगायचा. नकाशा करायचा नाही, नकाशे भरपूर आहेत.

धरलेले आकडे: काठाचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, तळ्याचा १.२ किलोमीटर, काठापासून पाणी १३७ मीटर खाली. ओपनसिममधला जमिनीचा मूळ तुकडा २५६ बाय २५६ मीटरचा असतो, आणि मोठा प्रदेश हवा असेल तर तो २५६ च्या पटीतच मिळतो. खऱ्या मापात विवर बसवायला २०४८ मीटरची बाजू लागते, म्हणजे ६४ तुकडे. हाताशी असलेला डेस्कटॉप ८ जीबी रॅमचा, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. म्हणून निम्मं माप, १०२४ मीटरची बाजू, १६ तुकडे. विवर ९०० मीटरचं होतं आणि चारही बाजूंना ६२ मीटर उरतात. तेवढ्यात एक धुरा आणि दोन वावरं मावतात, जास्त नाही.

४ डिसेंबर

सर्व्हर बसवला. उबंटू, त्यावर डॉटनेट ८, त्यावर ओपनसिम ०.९.३. लिनक्सवर लिबजीडीआयप्लस हे पॅकेज वेगळं टाकावं लागतं. ते राहिलं की चित्रांशी संबंधित कामं लॉगमध्ये लाल ओळी टाकत पडतात आणि दोष भलतीकडेच शोधला जातो.

लॉगिन अर्ध्यात अडकत होतं. नाव-पासवर्ड मान्य होई, "प्रदेशाशी जोडतो आहे" इथपर्यंत गाडी येई आणि तिथेच थांबे. दोन कारणं एकत्र होती. प्रदेशाच्या फाइलमधला बाहेरचा पत्ता जुना राहिला होता, कारण राउटरने रात्री सर्व्हरला नवा पत्ता दिला. दुसरं, फायरवॉलमध्ये ९००० क्रमांकाचं पोर्ट फक्त टीसीपीसाठी उघडलं होतं. लॉगिन टीसीपीवर होतं, पण आत गेल्यावर हालचाल यूडीपीवर चालते. दोन्ही उघडले, राउटरमध्ये सर्व्हरचा पत्ता कायम केला, सुटलं.

व्ह्यूअर, म्हणजे या जगात शिरून बघायचं सॉफ्टवेअर, फायरस्टॉर्म. ओपनसिमसाठीची आवृत्ती वेगळी उतरवावी लागते. सेकंड लाइफ या व्यावसायिक आभासी जगासाठीची आवृत्ती हॅवॉक या भौतिकी-प्रणालीच्या परवान्यामुळे दुसऱ्या जगांना जोडतच नाही.

६ डिसेंबर

बांधायच्या आधी बघायचं म्हणून पूर्ण दिवस सेकंड लाइफमधल्या कलाप्रदेशांत. हे जग २००३ पासून चालू आहे, साधं खातं फुकट. मोबाइलच्या नेटवर फिरायचं तर ड्रॉ डिस्टन्स (किती लांबचं दिसावं ते अंतर) ६४ मीटरवर ठेवावा, एका जागी उभं राहून सगळं चित्र उमटू द्यावं आणि मगच पुढं सरकावं. धावत गेलं की राखाडी ठोकळेच दिसतात आणि डेटा मात्र तेवढाच जातो.

बघण्याच्या तीन कळा रोज लागतील. कंट्रोल-शिफ्ट-आर दाबलं की सगळं तारांच्या जाळीत दिसतं, कुठं किती त्रिकोण खर्च केलेत ते उघडं पडतं. कंट्रोल-ऑल्ट-टी दाबलं की पारदर्शक वस्तू लाल होतात, म्हणजे लपवलेल्या भिंती आणि चालण्यासाठी टाकलेले अदृश्य उतार सापडतात. कंट्रोल-शिफ्ट-१ ने आकड्यांची पट्टी येते. चांगल्या कामांत एक गोष्ट सारखी दिसली: पाहुणा कुठून येणार आणि पहिल्यांदा कुठं तोंड करून उभा राहणार, हे ठरवलेलं असतं. कच्च्या कामांत पाहुणा मधोमध पडतो आणि गरगर बघत बसतो.

एक इशाराही मिळाला. लिंडन एंडाउमेंट फॉर द आर्ट्स ही कलाकारांना जागा देणारी योजना २०१० मध्ये सुरू झाली आणि २०१९ मध्ये बंद झाली. प्रदेश मिटला की त्यावरचं कामही जातं. आपल्या सर्व्हरवर निदान पूर्ण प्रदेशाची ओएआर फाइल, म्हणजे एकत्र राखीव प्रत, काढून ठेवता येते. रोज संध्याकाळी काढायची असं ठरलं.

९ ते ११ डिसेंबर

उंचीची माहिती एसआरटीएममधून. फेब्रुवारी २००० मध्ये अंतराळयानातून रडारने घेतलेली ही मोजणी, एका ठिपक्याची बाजू सुमारे ३० मीटर. लोणार ज्या चौकोनात येतं तो एन१९-ई०७६. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून यूटीएमच्या (मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशा-पद्धतीच्या) ४३ उत्तर पट्ट्यात बदलला, विवराभोवती २०४८ मीटरचा चौरस कापला आणि क्युबिक पद्धतीने १०२४ बाय १०२४ ठिपके केले.

या माहितीत तीन गोष्टी नाहीत, आणि त्या नाहीत हे माहीत नसलं तर काम फसतं. रडार पाण्यात शिरत नाही, त्यामुळे तळ्याचा तळ नाहीच, फक्त सपाट पृष्ठभाग आहे आणि तोही किंचित खडबडीत. दाट झाडी आहे तिथं जमीन थोडी उंच आलेली आहे, कारण रडारला फांद्याही लागतात. आणि ३० मीटरच्या ठिपक्यात ओघळी बसत नाहीत. काठ कसा गुळगुळीत दिसतो, घमेलं पालथं घालून छाप घ्यावा तसा. ओघळी हाताने कोरायच्या.

पहिल्यांदा पीएनजी करून चढवलं. चूक. आठ बिटांच्या राखाडी चित्रात २५६ छटा, आणि ओपनसिम त्या ० ते १२८ मीटरवर पसरवतं, म्हणजे एक पायरी अर्ध्या मीटरची. सगळ्या उतारावर समतल चर खणल्यासारख्या गोल गोल पायऱ्या उमटल्या. गाव पाणलोटात घेतल्यासारखं!

१२ डिसेंबर

आर-३२ स्वरूप वापरलं. त्यात प्रत्येक ठिपक्याची उंची ३२ बिटांच्या अपूर्णांकी आकड्यात असते, पायऱ्या येत नाहीत. जीडीएएल या नकाशा-फाइली बदलणाऱ्या साधनाने एन्व्ही स्वरूपात फ्लोट-३२ निर्यात करायची आणि मिळालेल्या कच्च्या फाइलच्या नावाचं शेपूट बदलायचं, एवढंच. तपासणी सोपी: १०२४ × १०२४ × ४ = ४१,९४,३०४ बाइट. एकही बाइट कमी-जास्त असला तर निर्यातीत चूक आहे.

चढलं, पायऱ्या गेल्या, पण धारेची, म्हणजे काठावरच्या झऱ्याची, खोल ओघळ ईशान्येला हवी ती आग्नेयेला दिसायला लागली. जीडीएएल वरची म्हणजे उत्तरेची ओळ आधी लिहितं, ओपनसिम दक्षिणेची ओळ आधी वाचतं. विवर गोल असल्यामुळे ही गफलत पटकन लक्षात येत नाही. ओघळीने पकडून दिली. कन्सोलवर, म्हणजे सर्व्हरच्या आज्ञांच्या खिडकीत, टेरेन फ्लिप वाय, एका ओळीत दुरुस्त.

त्यानंतर टेरेन बेक (आत्ताची जमीन मूळ म्हणून पक्की करणं) केलंच पाहिजे. नाही केलं तर हाताने कोरताना "पूर्ववत" दाबलं की जमीन आपल्या विवरावर न जाता आधीच्या सपाट मैदानावर जाते.

तळ्याचा भाग निवडून १७ मीटरला सपाट केला. पाण्याची पातळी २० मीटर, म्हणजे ३ मीटर पाणी.

१५ डिसेंबर

आज वाद झाला तो उंचीवर. निम्म्या मापात काठ पाण्यापासून ६८.५ मीटर वर येतो. प्रमाण बरोबर, आडव्याला उभं जुळतं, उतार सरासरी २४ अंशांचा. आणि काठावर अवतार (आपली आभासी आकृती) उभा केला तर खाली ताटली दिसते. लोणारला काठावर उभं राहिल्यावर पोटात जो खड्डा पडतो तो कुठंच नाही.

कारण व्ह्यूअरमध्येच आहे. कॅमेरा अवताराच्या मागं आणि डोक्याच्या वर असतो, म्हणजे बघणारा मुळात कड्यापासून दोन-तीन मीटर मागं उभा आहे. शिवाय पडद्याची चौकट डोळ्याच्या नजरेपेक्षा बरीच अरुंद, पायाखालचा उतार आणि समोरचा काठ एकाच वेळी दिसत नाहीत. माप खरं ठेवून खोली हरवते.

उभं माप १.२, १.४ आणि १.६ पट करून पाहिलं. टेरेन रिस्केलला कमाल-किमान उंची द्यायची, बस. १.६ ला उतार ३६ अंशांचा झाला आणि विवर कुठल्याही खेळातल्या ज्वालामुखीसारखं दिसायला लागलं. १.४ ठेवलं: काठ पाण्यापासून ९६ मीटर, उतार ३२-३३ अंश. रिस्केल केल्यावर तळ्याचा तळ पुन्हा सपाट करावा लागतो, तोही ताणला जातो.

१६ डिसेंबर

लाइन गेली, इन्व्हर्टरची बॅटरी उतरलेली, सर्व्हर धाडकन बंद. उठवल्यावर शेवटची काही कोरीव कामं आणि अकरा झाडं नाहीत.

ओपनसिम प्रत्येक हालचाल लगेच डेटाबेसमध्ये लिहीत नाही. वस्तूला शेवटचा हात लावल्यापासून ६० सेकंद शांतता असेल तर लिहितं, आणि सतत हात लागत असेल तर जास्तीत जास्त ६०० सेकंद थांबतं. म्हणजे जितकं जोरात काम, तितका दहा मिनिटांपर्यंतचा माल हवेत. ६०० चे १२० केले. शिवाय मोठं काम झालं की कन्सोलवर बॅकअप टाइप करायची सवय. लाइनचं वेळापत्रक ज्या दिवशी रात्रीचं आहे, त्या दिवशी ओएआर दुपारीच.

ओएआरमध्ये जमीन, वस्तू, टेक्स्चर (पृष्ठभागावर चढवायची चित्रं) आणि स्क्रिप्ट (वस्तूंना चालवणारे छोटे प्रोग्रॅम) येतात, अवताराच्या पेटीतला माल येत नाही. तो आयएआरमध्ये वेगळा काढायचा.

२० डिसेंबर

काठावर उभं राहून बाहेर बघितलं तर विदर्भाभोवती समुद्र. प्रदेश संपला की व्ह्यूअर त्याच पातळीचं पाणी क्षितिजापर्यंत दाखवतो, आणि आपला काठ त्याच्या ९६ मीटर वर. बुलढाणा जिल्ह्याचं बेट झालं.

दोन उपाय एकत्र केले. प्रिमची, म्हणजे बांधकामाच्या साध्या ठोकळ्याची, कमाल बाजू ओपनसिममध्ये २५६ मीटर ठेवता येते, आणि प्रिमचं केंद्र प्रदेशात असलं की अर्धा भाग बाहेर जाऊ शकतो. असे सपाट प्रिम कडेने लावून त्यांवर वावरांचं टेक्स्चर दिलं: कापूस, तूर, मधे बाभळीचे ठिपके. ही पट्टी १२८ मीटर बाहेर जाते. त्यापुढं धूसरपणा. वातावरणाच्या सेटिंगमध्ये क्षितिजाची धूसरता वाढवली आणि रंग मळकट पांढरा केला. डिसेंबरातल्या सकाळी इकडं असंच असतं, त्यामुळे लबाडी खपून जाते.

सूर्य २० अंशांवर खिळवला. माथ्यावर ठेवला की उतारावरची छटा जाते आणि सगळा कोरीव भाग सपाट दिसतो.

२३ डिसेंबर

पाण्याचा रंग. जून २०२० मध्ये तळं गुलाबी झालं होतं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत कारण निघालं हॅलोआर्किया हे मीठप्रेमी सूक्ष्मजीव. पाणी आटून खारटपणा वाढला की ते फोफावतात. तो रंग हवा होता, पण एरवीचा हिरवाही हवा.

पाण्याच्या धुक्याचा रंग सरळ गुलाबी दिला तर तळ्यात रोझ सरबत ओतल्यासारखं दिसलं. खरा गुलाबी मळका असतो. लाल १४०, हिरवा ९०, निळा ९५ असा मातकट रंग घेतला, धुक्याची घनता वाढवली म्हणजे तळ दिसत नाही, आणि लाटांची उंची जवळजवळ शून्यावर आणली. समुद्राच्या लाटा असलेलं तळं कुठल्याही रंगात खोटंच.

हिरव्यातून गुलाबीत जाण्यासाठी दिवसचक्राच्या (आकाश-पाणी वेळेनुसार बदलणाऱ्या सेटिंगच्या) पाण्याच्या पट्टीवर चार खुणा टाकल्या. चक्राची लांबी ४ तासांच्या खाली जात नाही, त्यामुळे बदल डोळ्यांसमोर होत नाही. आलेला माणूस जाताना वेगळं तळं बघतो. हे आवडलं, तसंच ठेवलं. सूर्य खिळवायचा तर त्याच चक्रात आकाशाची एकच खूण ठेवायची.

२७ ते ३० डिसेंबर

बेसॉल्टचं टेक्स्चर. शेताच्या धुऱ्यावर रचलेले काळे दगड सकाळी सातच्या आत, सूर्य वर यायच्या आधी टिपले. उन्हातला फोटो चालत नाही, कारण सावली टेक्स्चरमध्ये कायमची बसते आणि दगड फिरवला की दोन सूर्य दिसतात. जिंप या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये शिफ्ट-कंट्रोल-ओ, दोन्ही बाजूंनी अर्धं सरकवलं म्हणजे जोड मधोमध येतो, तो क्लोनने पुसला.

आकार ५१२ ठेवला. १०२४ चं रंगीत चित्र ग्राफिक्सच्या मेमरीत ३ एमबी घेतं, पारदर्शक असेल तर ४. ५१२ चं त्याच्या चौथाई. एका दगडाला फरक दिसत नाही, चाळीस टेक्स्चरांनंतर जुना लॅपटॉप गुडघे टेकतो.

दगडांचे पाच साचे ब्लेंडर या त्रिमितीय सॉफ्टवेअरमध्ये. आवृत्ती ४.५ च ठेवली, कारण दगड व्ह्यूअरमध्ये कोलाडा फाइलने चढवायचे होते आणि ५.० मध्ये कोलाडाची निर्यात काढून टाकली आहे. निर्यातीआधी कंट्रोल-ए ने माप पक्कं करायचं. नाही केलं तर दगड भलत्याच आकाराचा चढतो.

एका दगडाचे चार थर, जवळून बघायच्यापासून लांबून बघायच्यापर्यंत: १८०, ९०, ४०, १२ त्रिकोण. शेवटचे थर व्ह्यूअरवर सोपवले की तो सगळ्यात लांबचा थर दोन-तीन पत्र्यांचा करतो, आणि काठावरून बघताना दगडाऐवजी फाटके कागद उडताना दिसतात. आपलं काम काठावरूनच बघायचं असल्यामुळे लांबचा थर हाताने केला. इथं जवळच्या थरापेक्षा तोच महत्त्वाचा.

४ जानेवारी २०२६

२४० दगड टांगायचे. एक-एक हाताने मांडणं शक्य नाही, स्क्रिप्टने काढायचे, म्हणजे निर्माण करायचे. वस्तू काढणाऱ्या प्रिमपासून १० मीटरपेक्षा लांब वस्तू निघत नाही, आणि चूक झाल्याचंही ती सांगत नाही, गप्प बसते. पहिली वीस मिनिटं यातच गेली. म्हणून दगड जागेवरच काढायचा, त्याला सुरुवातीच्या आकड्यात अनुक्रमांक द्यायचा, आणि दगडाने स्वतः गणित करून आपल्या जागी जायचं. पोचला की स्वतःची स्क्रिप्ट स्वतः पुसायची. हे विसरलं तर २४० स्क्रिप्ट कायम चालू राहतात.

मांडणी: घुमटाची त्रिज्या तळ्यावर १८० मीटर. यादृच्छिक आकड्यांनी टाकले तर एका बाजूला ढीग, दुसरीकडे भोक. सुवर्णकोनाने, म्हणजे प्रत्येक पुढचा दगड १३७.५ अंश फिरवून टाकला तर पसरण सारखी येते. (१३७ हा आकडा इथं पुन्हा भेटला. योगायोग.) पण इतकी सारखी की लग्नाच्या मांडवातलं झुंबर वाटलं. म्हणून सुवर्णकोन ठेवून प्रत्येकाला कुठल्याही दिशेने ६ मीटरपर्यंत ढकललं आणि आकार ०.४ पासून ७ मीटरपर्यंत, लहान भरपूर, मोठे मोजके. आता स्फोट दिसतो.

८ जानेवारी

फिरणं. पाहुणा खाली पोचला की दगड अगदी सावकाश स्वतःभोवती फिरायला हवेत. प्रत्येक दगडात सेन्सर घालणं म्हणजे सर्व्हरला नांगराला जुंपणं. त्याऐवजी उताराच्या पायथ्याशी एक अदृश्य प्रिम ठेवून त्याला आरपार जाऊ देणारा पण स्पर्श ओळखणारा गुण दिला. कुणी त्यातून गेलं की तो एक संदेश सोडतो. जवळजवळचे वीस दगड एकत्र जोडून बारा गट केले, गटाला एकच स्क्रिप्ट. २४० ऐवजी १२.

हे फिरणं सर्व्हर मोजत नाही, प्रत्येकाचा व्ह्यूअर आपापल्या परीने फिरवतो. त्यामुळे शेजारी उभ्या दोघांना तोच दगड वेगळ्या अंगाने दिसतो. दुरुस्त करायची गरज नाही.

सगळे दगड आरपार केले, भौतिकीचं ओझं नको.

१२ जानेवारी

धार. कणप्रणालीने, म्हणजे उडणाऱ्या छोट्या चित्रकणांनी. पडायची उंची ३ मीटर, खालची ओढ ५ ठेवली, तर पडायला लागणारा वेळ १.१ सेकंद, तेवढंच कणाचं आयुष्य. जास्त दिलं की पाणी दगडातून आरपार जमिनीत जाताना दिसतं. दर ०.०५ सेकंदाला ३ कण, म्हणजे एका वेळी ६६ कण जिवंत. पहिल्या प्रयत्नात हजाराच्या वर गेले होते, धार कमी आणि कापसाची जिनिंग जास्त.

आवाज वेव्ह फाइल, ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, एका वाहिनीचा, १० सेकंदांच्या आत. पुन्हा सुरू होताना टक् असा आवाज यायचा. लहर शून्य रेषा ओलांडते तिथं दोन्ही टोकं कापली, गेला.

१४ जानेवारी

काम बंद. तूर काढणी.

१७ जानेवारी

फलक. वस्तूवर तरंगणाऱ्या मजकुरात देवनागरी लिहिली तर पहिली वेलांटी अक्षराच्या मागं पडते आणि जोडाक्षरं पाय मोडून उभी राहतात. व्ह्यूअर अक्षरं जुळवत नाही, एकेक चिन्ह ओळीत ठेवतो. इंकस्केपमध्ये मजकूर मांडून पीएनजी केलं आणि पाटीवर चिकटवलं. पारदर्शक कडा "मास्किंग"वर (ठिपका पूर्ण दिसतो किंवा अजिबात नाही) ठेवायच्या, "ब्लेंडिंग"वर (अर्धवट पारदर्शक) नाही. बाभळीच्या पानांमागून पाटी बघितली की दोन पारदर्शक पृष्ठभागांत पुढं कोण याचा गोंधळ होऊन दोन्ही लुकलुकतात. झाडांनाही हाच नियम लावला.

२२ जानेवारी

वाचनालयात दोन लॅपटॉप लावून तपासणी, नवख्या माणसांकडून. नोंदलेले दोष:

पायवाटेवर हेमाडपंती धाटणीचा एक दरवाजा उभा केला होता, खऱ्या मापाचा, २ मीटर उंच. सगळे अडकले. अवतारच दोन मीटरच्या वर असतात आणि कॅमेरा त्याहून वर, तो चौकटीच्या दगडात शिरतो आणि पडदा काळा होतो. ३.४ मीटर केला. आता खराखुरा, ठेंगणा वाटतो.

उतरताना तिसऱ्या वळणावर लोक घसरून थेट पाण्यात. तिथं अदृश्य कठडा टाकला.

उडता येतं हे कळल्याबरोबर सगळे उडाले आणि वाट कुणी चाललंच नाही. जागेच्या पर्यायांत उडणं बंद केलं. चालत उतरायला आता सहा मिनिटं लागतात, आणि दगड खालून वर बघितल्यावरच मोठे दिसतात.

३ फेब्रुवारी

बाहेरच्यांसाठी उघडायचं होतं. राउटरमध्ये पोर्ट सर्व्हरकडं वळवलं, तरी बाहेरून कुणी पोचेना. राउटरवर दिसणारा पत्ता १०० ने सुरू होणारा, म्हणजे आपल्यासारखी अनेक घरं एकाच सार्वजनिक पत्त्यामागं. आपल्या बाजूने काहीही उघडलं तरी उपयोग नाही. ओएआर भाड्याच्या सर्व्हरवर नेली. ८४ एमबी, चढता वेग २ एमबीपीएस, साडेपाच मिनिटं. तिकडं आधी १०२४ मीटरचा रिकामा प्रदेश तयार करून मगच लोड करायची, लहान प्रदेशात लोड केली तर कडेचं सगळं कापलं जातं.

लोड झाल्यावर तळं निळं निघालं. वातावरणाची सेटिंग पुन्हा लावली. वायव्येचा वावराचा एक प्रिम दीड मीटर खाली बसलाय आणि फटीतून समुद्र दिसतो, तो उद्या.